हुशार आहे, पण...

२००० सालच्या जानेवारीत मेलबर्नला विशीला टेकलेल्या एका मुलाला दोन हजार डॉलर दंड झाला. दंडाचं कारण होतं, पुरेसा प्रयत्न न करणं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत तो दक्षिण आफ्रिकेच्या ग्रँट स्टॅफर्डकडून हरला होता, शेवटचा सेट १-६ असा. हरल्याबद्दल कुणाला दंड होत नाही. पण याने सामना संपायच्या आधीच खेळणं सोडून दिलं, असं अधिकाऱ्यांचं मत झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कला त्याच मुलाने यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात पीट सॅम्प्रसला ६-४, ६-३, ६-३ असं हरवलं. सॅम्प्रसने दोनच महिन्यांपूर्वी विम्बल्डन जिंकून तेरावं ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं विजेतेपद, मिळवलं होतं, पुरुषांमध्ये तोवर कुणाचीच इतकी नव्हती. तो नेहमीसारखा सर्व्हिस करून नेटकडे धावत होता आणि चेंडू कधी त्याच्या उजवीकडून, कधी डावीकडून रेषेला लागून मागे जात होता. त्याला मान वळवून बघण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

मुलाचं नाव मरात साफिन, रशियाचा. नोव्हेंबरात तो जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला. इतक्या लहान वयात त्याआधी एकही पुरुष तिथे पोचला नव्हता.

मी नाशिकच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. यंदा सव्विसावं वर्ष. टेनिस मी कधी खेळले नाही, बघायची सवय मात्र बाबांमुळे लागली. साफिनचं ते वर्ष मला आठवतं ते एका वेगळ्याच कारणाने. जानेवारीतला तो दंड म्हणजे प्रगतिपुस्तकातला शेरा आहे. वर्गशिक्षकाच्या सहीच्या वर जी एक रिकामी ओळ असते, तिच्यात मी वर्षानुवर्षं हेच लिहीत आले. ‘हुशार आहे, पण प्रयत्न कमी पडतात.’ ‘बुद्धिमान, परंतु चंचल.’ ‘मनात आणलं तर खूप पुढे जाईल.’ साफिनबद्दल बारा वर्षं जगभरचे लोक हेच बोलत राहिले. समालोचक बोलले, जुने खेळाडू बोलले, आमच्या घरात बाबा बोलले. मीही बोलले. आज मला वाटतं, आम्ही सगळे एका गोष्टीत फार चुकलो.

साफिनची आई, रौझा इस्लानोव्हा, स्वतः टेनिसपटू आणि नंतर प्रशिक्षक. वडील मॉस्कोतल्या स्पार्ताक टेनिस क्लबचे प्रमुख. घर तातार वंशाचं, मुसलमान. मुलाला पाळणाघर नको होतं, क्लबचं कोर्टच होतं. सोव्हिएत काळात टेनिसकडे सरकारचं फारसं लक्ष नव्हतं, कारण सरकारला ऑलिम्पिक पदकं हवी असायची आणि १९२४ नंतर टेनिस ऑलिम्पिकमधून गेलं ते थेट १९८८ला परतलं. मग सोव्हिएत संघच मोडला. रशियाचे राष्ट्राध्यक्ष होते बोरिस येल्त्सिन आणि ते स्वतः रॅकेट घेऊन खेळायचे. खेळाला एकदम मान आला. पण त्याच्याही आधीपासून, कुणाचं लक्ष नसताना, रौझाबाई लहान मुलांना शिकवत होत्या. त्यांच्या हाताखाली मुलगा होता, एलेना डेमेंटिएव्हा होती, अनास्तासिया मिस्किना होती. २००४ साली फ्रेंच ओपनच्या महिलांच्या अंतिम फेरीत मिस्किना आणि डेमेंटिएव्हा समोरासमोर आल्या. मिस्किना जिंकली आणि एकेरीचं ग्रँड स्लॅम मिळवणारी पहिली रशियन स्त्री ठरली. एका बाईंच्या वर्गातल्या दोन मुली, पॅरिसमध्ये, अंतिम सामन्यात. शिक्षक म्हणून मला त्या दिवशी खेळणाऱ्यांपेक्षा त्या बाईंचाच हेवा वाटला होता.

मरात तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याला स्पेनमध्ये वालेन्सियाला पाठवलं. भाषा येत नव्हती, ती तिथेच शिकला. १९९८ला अठराव्या वर्षी पात्रता फेरीतून फ्रेंच ओपनमध्ये शिरला आणि पहिल्या फेरीत आंद्रे अगासीला, दुसऱ्या फेरीत आदल्या वर्षीचा विजेता गुस्तावो कुएर्तेन याला पाच-पाच सेटमध्ये हरवून बसला. सहा फूट चार इंचांचा मुलगा. एवढे उंच खेळाडू बहुधा सर्व्हिसवर जगतात, चेंडू खाली राहिला की अवघडतात. हा दोन्ही हातांनी बॅकहँड मारताना असा काही वळायचा की त्याची उंची लक्षातच येत नसे.

आणि रॅकेटी तोडायचा. कारकिर्दीत हजाराच्या वर तोडल्या असतील, असा हिशेब त्याने स्वतःच सांगितला आहे. लोकांना याचं हसू यायचं, सामन्यांच्या ठळक क्षणांत ते दाखवायचे. बाबा मात्र चिडायचे. हत्याराचा अपमान म्हणायचे. दसऱ्याला फुटपट्टीपासून विळीपर्यंत सगळ्यांवर झेंडूचं फूल ठेवणारा तो माणूस, त्यांना ते बघवायचं नाही. मला तेव्हा त्यांचं पटायचं. पण पुढे एक गोष्ट मनात घर करून बसली. ज्याला काही पडलेलं नाही तो रॅकेट कशाला तोडेल? ज्याने प्रयत्न सोडला तो खांदे उडवतो, पिशवी उचलतो आणि जातो. रॅकेट तोडणाऱ्याच्या डोक्यात फटका आधीच पूर्ण झालेला असतो, निर्दोष, आणि हातातून निघालेला फटका त्याच्यापेक्षा बोटभर कमी पडलेला असतो. बाकीच्यांना ते बोटभर अंतर दिसतही नाही. त्याला ते सहन होत नाही.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. २००४-०५ साल, नववी. भूमितीचा रायडर, म्हणजे प्रमेय वापरून सिद्ध करायचं गणित, फळ्यावर लिहून मी मागे वळेपर्यंत याचं सुटलेलं असायचं, आणि तेही पुस्तकात नसलेल्या रीतीने. पण उत्तरपत्रिका अर्धी कोरी. पायऱ्या लिहायच्या नाहीत. ‘बाई, सुटलं ना गणित, मग परत लिहायचं कशाला?’ आणि जे गणित पहिल्या झटक्यात सुटायचं नाही त्याचा कागद चुरगाळून बाकाखाली. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी त्याला तोच शेरा दिला, जो साफिनला मिळत होता. वडिलांची सही होऊन पुस्तक परत आलं. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. का, ते मी विचारलं नाही.

२००२च्या ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी २७ जानेवारीला होती आणि तो साफिनचा बावीसावा वाढदिवस. समोर स्वीडनचा थॉमस योहान्सन. साफिन जिंकणार यात कुणाला शंका नव्हती. पहिला सेट त्याने ६-३ असा घेतला आणि पुढचे तिन्ही गमावले. त्या दिवशी काय झालं याच्या खूप कहाण्या झाल्या, प्रेक्षकांत त्याच्यासोबत कोण बसलं होतं यावर रकाने भरले. योहान्सन त्या दिवशी किती सुंदर खेळला हे मात्र फार थोड्यांनी लिहिलं. वर्षाअखेरीला पॅरिसमध्ये डेव्हिस कपच्या, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेच्या, अंतिम लढतीत साफिनने आपले दोन्ही एकेरी सामने जिंकले आणि रशियाने पहिल्यांदा तो करंडक नेला. पण ती लढत सगळ्यांच्या लक्षात आहे ती दोन सेटची पिछाडी भरून काढणाऱ्या त्याच्या संघातल्या युझनीच्या शेवटच्या सामन्यासाठी, आणि ते रास्तच आहे.

२००३ मनगटाच्या दुखापतीत गेलं. २००४च्या जानेवारीत तो मेलबर्नला आला तेव्हा क्रमवारीत ८६वा होता. तिथे त्याने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अँडी रॉडिकला पाच सेटमध्ये हरवलं, मग गतविजेत्या अगासीला पाच सेटमध्ये, आणि अंतिम फेरीला पोचेपर्यंत पायात त्राण राहिलं नव्हतं. रॉजर फेडररने तीन सेटमध्ये संपवलं. मनगट फाटकं असलेला, वर्षभर बसून राहिलेला माणूस दोन आठवडे असा लढतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी लिहिलं जातं की याने मनावर घेतलं तर काय करून दाखवेल. अजून किती घ्यायचं मनावर?

२७ जानेवारी २००५. गुरुवार. आदल्या दिवशी झेंडावंदन झालेलं. आमची शाळा सकाळच्या सत्राची, त्यामुळे दीडपर्यंत मी घरी. घटक चाचणीचे पेपर पिशवीतून काढले, जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि दोन वाजता टीव्ही लावला. मेलबर्नला संध्याकाळचे साडेसात. उपान्त्य फेरी, साफिन आणि फेडरर. साफिनचा पंचविसावा वाढदिवस.

फेडरर सलग २६ सामने जिंकून आला होता. त्या काळात त्याला हरवणं ही फक्त कल्पना होती. साफिनने आता जो प्रशिक्षक घेतला होता तो पीटर लुंडग्रेन, म्हणजे आदल्याच्या आदल्या वर्षापर्यंत फेडररचाच प्रशिक्षक. पहिला सेट फेडररने ७-५ घेतला, दुसरा साफिनने ६-४, तिसरा पुन्हा फेडररने ७-५. माझ्या हातात लाल पेन तसंच. चार पेपर तपासून झाले होते आणि त्यातल्या एकाची बेरीज मी चुकवली होती, ते संध्याकाळी लक्षात आलं.

चौथ्या सेटचा टायब्रेक, म्हणजे ६-६ वर अडलेला सेट ठरवणारा सात गुणांचा डाव. फेडरर ५-२ने पुढे. दोन गुण हवेत. साफिन ५-५वर आला. मग फेडरर ६-५, मॅच पॉइंट, हा गुण घेतला की सामना त्याचा. फेडरर नेटकडे आला, साफिनने त्याच्या डोक्यावरून लॉब उचलला. खोल, नेमका. फेडरर उलटा पळाला. तिथे त्याच्याजवळ वेळ होता की नाही यावर आजही लोक वाद घालतात. त्याने पाठमोरं राहूनच दोन पायांमधून फटका मारायचा प्रयत्न केला आणि चेंडू नेटमध्ये गेला. साफिनने टायब्रेक ८-६ घेतला.

मी तो लॉब पुष्कळदा पाहिला आहे. सगळे फेडररच्या त्या फटक्याबद्दल बोलतात. मला लॉबबद्दल बोलायचंय. एक गुण गेला की सामना संपला, वर्षभराची मेहनत संपली, वाढदिवसाच्या दिवशी दुसऱ्यांदा लोक तोच शेरा लिहायला पेन उघडून बसलेत, आणि अशा वेळी हा माणूस जोर लावत नाही. जोर लावून चेंडू फोडणं त्याला कधीही जमलं असतं. तो रॅकेटचं तोंड उघडतो आणि चेंडू हळूच वर सोडतो. ‘चंचल’ माणसाच्या हातून असा चेंडू निघत नाही.

पाचव्या सेटमध्ये साफिन ५-२ने पुढे गेला. फेडररने गाठलं. मॅच पॉइंट मिळत होते आणि जात होते. शेवटी ९-७. अखेरच्या गुणाला फेडरर घसरून खाली पडलेला, रॅकेट हातातून सुटलेली, आणि समोर मोकळं कोर्ट. साफिनने चेंडू त्यात सोडला. चार तास अठ्ठावीस मिनिटं. तो नाचला नाही, जमिनीवर लोळला नाही. नाशिकला साडेसहा वाजत आले होते, आईने देवाजवळ दिवा लावला होता. बाबा, जे हत्याराच्या अपमानावरून पाच वर्षं त्याच्यावर रुसले होते, ते काही न बोलता उठले आणि चहा टाकायला स्वतः स्वयंपाकघरात गेले. ते मी त्यांना त्याआधी करताना पाहिलं नव्हतं.

रात्री पेपर पुन्हा काढले. गठ्ठ्यात त्या मुलाचा पेपर होता. पाच गुणांच्या रायडरचं उत्तर तीन ओळींत, दोन पायऱ्या गाळलेल्या. नियमाप्रमाणे दोन गुण बसत होते. मी पेपर बाजूला ठेवला, बाकीचे संपवले आणि परत त्याच्याकडे आले. गाळलेल्या दोन पायऱ्या मी माझ्या वहीत लिहून पाहिल्या. त्या मला सुचायला वीस मिनिटं लागली.

अंतिम सामना रविवारी. समोर लेटन ह्युइट, घरचा मुलगा, स्पर्धेचं शंभरावं वर्ष, सगळं स्टेडियम पिवळं-हिरवं. पहिला सेट साफिनने १-६ गमावला. तिसऱ्या सेटमध्ये १-४ने मागे होता, तिथून सलग पाच गेम घेतले. १-६, ६-३, ६-४, ६-४. दुसरं ग्रँड स्लॅम.

ते त्याचं शेवटचं विजेतेपद ठरलं. ग्रँड स्लॅम सोडाच, त्यानंतर एकही एकेरीची स्पर्धा तो जिंकला नाही. वय पंचवीस, एकूण विजेतेपदं १५. त्याच वर्षी गुडघा गेला आणि पुढची चार वर्षं तो गुडघ्याला धरून खेळला. २००७मध्ये मध्येच उठून चो ओयू चढायला हिमालयात गेला, आठ हजार मीटरवरचं शिखर, अर्ध्यातून परतला. २००८ला विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोचला, ज्या गवतावर खेळणं त्याला कधीच आवडलं नव्हतं तिथे, आणि वाटेत जोकोविचला तीन सेटमध्ये काढलं. नंतर फेडररकडून हरला.

म्हणून लोक म्हणतात, वाया गेला. पण गुडघा कुणाच्या चंचलपणाने फाटत नाही.

आता त्याची बहीण, दिनारा. ती मरातपेक्षा सहा वर्षांनी लहान, तीही रौझाबाईंचीच मुलगी, तीही स्पेनमध्ये वाढलेली. तिच्या फटक्यात भावाची ती सहजता नव्हती. ती प्रत्येक चेंडूशी कुस्ती खेळायची. सामना चालू असताना स्वतःवर ओरडायची, रडकुंडीला यायची, आणि तरी पळत राहायची. २००८च्या मे महिन्यात बर्लिनला तिने जुस्टिन एनाला हरवलं, तेव्हाची पहिल्या क्रमांकाची खेळाडू. काही दिवसांतच एनाने निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेत सेरेना विल्यम्सलाही हरवून दिनाराने विजेतेपद घेतलं. मग फ्रेंच ओपन. शारापोव्हाविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून जिंकली, पुढच्याच फेरीत डेमेंटिएव्हाविरुद्ध पुन्हा मॅच पॉइंट वाचवून जिंकली. अंतिम फेरीत आना इवानोविचकडून हरली. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रौप्य. २००९ला ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी, सेरेनाकडून ०-६, ३-६. एप्रिलमध्ये ती जगात पहिली आली. भाऊ आणि बहीण दोघंही पहिल्या क्रमांकावर, असं टेनिसमध्ये तोवर कधी घडलं नव्हतं.

आणि लगेच शेरा लिहिला गेला. ग्रँड स्लॅम नाही, मग कसली पहिली? जून २००९मध्ये फ्रेंच ओपनची अंतिम फेरी, समोर स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा. ४-६, २-६. शेवटचा गुण दिनाराच्या डबल फॉल्टने, म्हणजे लागोपाठ दोन सर्व्हिस चुकल्याने, गेला. तो सामना मी पाहू शकले, पण शेवटचे काही गेम पाहताना खोलीत फेऱ्या मारत होते. तिच्या हातातली सर्व्हिस सुटत चालली होती, चेंडू वर फेकायची आणि परत झेलायची. त्या हाताने काय ओझं उचललंय ते दिसत होतं.

एकाच घरातली दोन मुलं. एकाकडे दोन ग्रँड स्लॅम, त्याला सांगितलं की तू मेहनत केली नाहीस. दुसरीने मेहनतीने सगळ्यांना मागे टाकलं, तिला सांगितलं की तुझ्यात ते नाही. काय केलं असतं म्हणजे आपण खूश झालो असतो?

त्या नववीतल्या मुलाची धाकटी बहीण चार वर्षांनी माझ्या वर्गात आली. २००८-०९. शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिला ओळखलं, ‘त्याची बहीण’ म्हणून. मीही. ती एकच गणित घेऊन मधल्या सुट्टीत तीन-तीनदा यायची. वही नीट, प्रत्येक पायरी लिहिलेली, समासात पेन्सिलीने शंका. एकदा उत्तर जमल्यावर वही मिटत म्हणाली, ‘बाई, दादाला हे एकदम आलं असतं ना?’ मी ‘हो’ म्हटलं. खरं होतं म्हणून म्हटलं. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, ‘कष्टाळू आहे.’

‘कष्टाळू’ हा शब्द आम्ही शिक्षक कधी वापरतो ते मुलांना बरोबर कळतं. ‘हुशार’ लिहायचं नसतं तेव्हा. त्या ओळीत मी जागा शिल्लक असूनही दुसरं काही लिहिलं नाही, याचं मला आज जितकं वाईट वाटतं तितकं त्या मुलाला दिलेल्या दोन गुणांचंही वाटत नाही.

दिनाराची पाठ त्यानंतर बिघडली. २०११च्या मे महिन्यानंतर ती खेळू शकली नाही, वय पंचवीस. भावाचं शेवटचं विजेतेपदही पंचविसाव्या वर्षीचंच. मरातने २००९च्या नोव्हेंबरात पॅरिसला शेवटचा सामना खेळला, देल पोत्रोविरुद्ध तीन सेटमध्ये हरला आणि थांबला. पुढे काही वर्षं रशियाच्या संसदेत होता, २०१६मध्ये न्यूपोर्टच्या टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, पहिल्यांदाच एका रशियन खेळाडूचं. त्याच दिवशी त्याच्याबरोबर जिचा सन्मान झाला ती जुस्टिन एना.

पण मला त्या घरातलं जे चित्र सगळ्यात जास्त आवडतं ते करंडकाचं नाही. जानेवारी २००९, पर्थ. हॉपमन कप, देशाकडून एक पुरुष आणि एक स्त्री खेळायचे ती स्पर्धा. रशियाकडून साफिन आणि साफिना. मॉस्कोत कुठल्याशा हाणामारीत सापडून मरात तसाच आलेला, डोळ्यांभोवती काळंनिळं. तीन महिन्यांनी बहीण जगात पहिली येणार होती, दहा महिन्यांनी भाऊ खेळ सोडणार होता. अंतिम लढत ते स्लोव्हाकियाकडून हरले. त्याआधी मिश्र दुहेरीत मात्र दोघं नेटच्या एकाच बाजूला उभे होते, रौझाबाईंची दोन मुलं. तो मागे सर्व्हिसला, चेंडू दोनदा आपटून. ती पुढे नेटजवळ, गुडघे वाकवून, त्याच्याकडे पाठ करून.